रांगेशिवाय दर्शन नको, पेटीमागची जागा द्या

प्रति,
ठाण्यातल्या देवस्थानांचे विश्वस्त, सार्वजनिक उत्सव मंडळांचे पदाधिकारी आणि समस्त भजनी मंडळी यांस

स. न. वि. वि.

गेल्या माघी गणेश जयंतीला मी आमच्या भागातल्या एका देवळात गेलो होतो. देवळाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि बाकीच्यांना हे आपल्याच देवळाबद्दल लिहिलंय असं वाटलं तर उत्तमच.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे. ज्यांनी तो जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मांडीपासून खाली दोन लोखंडी पट्ट्या येतात, गुडघ्याशी कडी असते, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, आणि त्या लोखंडी पट्ट्या थेट बुटाच्या टाचेत बसवलेल्या असतात. म्हणजे बूट वेगळा आणि कॅलिपर वेगळा असं नसतं. बूट काढायचा तर सगळा सांगाडाच उतरवावा लागतो, आणि तो उतरवला की मी उभा राहू शकत नाही.

पायऱ्यांशी सुरक्षारक्षक होता, विशी-बाविशीचा. "काका, बूट." मी पॅन्ट वर करून दाखवलं. तो ओशाळला, पण म्हणाला, "चामडं आहे ना काका. मला साहेब बोलतात." त्याचं काही चुकलं नाही. नोकरी त्याची, नियम तुमचा. मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो आणि वरून येणारी आरती ऐकत राहिलो. एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "कळसाला हात जोडा, तेवढंच पुण्य आहे." त्यांच्यामागून आलेल्या एका बाईंनी दोन केळी आणि दहाची नोट माझ्या मांडीवर ठेवली आणि मी काही बोलायच्या आत पुढे गेल्या. केळी मी खाल्ली, भूक लागली होती. दहा रुपये दानपेटीत टाकावेत म्हटलं, तर दानपेटी वर. क्यूआर कोड मात्र खाली, चपलांच्या स्टँडशेजारी, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर लावलेला. त्या अख्ख्या वास्तूत माझ्या सोयीचं तेवढं एकच.

आता मुद्दा असा की हे देऊळ मला परकं नाही. तिथे मी 22 वर्षं पेटी वाजवली.

जीर्णोद्धाराच्या आधी तिथे काळ्या दगडाच्या तीन बुटक्या पायऱ्या होत्या, मधोमध झिजलेल्या. दर मंगळवारी रात्री आठ ते दहा भजन. आमचे जुने पुजारीकाका दारात बादली आणि ओलं फडकं घेऊन उभे असायचे. मी पहिल्या पायरीशी पोचलो की वाकून बुटाचा तळ पुसायचे, काठीचं रबरी टोपण पुसायचे, मग लोखंडी पट्ट्यांवरून फडकं फिरवायचे आणि म्हणायचे, "झालं सोवळं. या, मंडळी खोळंबलीयत." शास्त्र त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येत होतं, चामड्याचंही. पण मंगळवारी पेटी वाजायला हवी, हेही येत होतं. माझा पाय दुमडत नाही, लांब ठेवावा लागतो, आणि देवाकडे पाय करून बसणं बरं दिसत नाही. म्हणून डावीकडच्या खांबाला टेकून, पाय दाराच्या दिशेने, तिरका पाट टाकलेला असायचा. तो पाट कुणी हलवायचं नाही. कुणाचं तरी पोर त्यावर बसलं की आया ओरडायच्या, "ऊठ, पेटीवाल्या काकांची जागा आहे ती."

दिव्यांग म्हणावं की अपंग, यावर हल्ली बरीच चर्चा होते. मला विचाराल तर 'पेटीवाले काका' फार छान होतं.

पुढे वर्गणी जमली, देणगीदार मिळाले, देऊळ नवं झालं. पावसात गाभाऱ्यात पाणी यायचं, म्हणून जोतं उचललं. ते योग्यच झालं. ठाण्यात पावसाचं पाणी काय असतं ते मलाही माहीत आहे. पण तीन पायऱ्यांच्या अकरा झाल्या. पांढराशुभ्र संगमरवर, आरशासारखा पॉलिश केलेला. अभिषेकाचं पाणी त्यावर सांडलं की काठीचं रबर साबणावर ठेवल्यासारखं सरकतं. कठडा एकाच बाजूला, तोही शोभेच्या पितळी वेलबुट्टीचा, धरला की हाताला टोचतो. मागच्या अंगाला एक उतार केलाय. मी आशेने बघायला गेलो, तर तो केटररची पातेली आणि जनरेटर चढवायला. घसरगुंडीइतका उभा. पातेल्यांची सोय आधी झाली.

मला कुणी काढलं नाही, हे स्पष्ट लिहितो. 'तुम्ही येऊ नका' असं कुणी चुकूनही म्हटलं नाही. भजन वरच्या सभामंडपात गेलं, मी खाली राहिलो. दोन-तीन मंगळवार फोन आले. मग कुणीतरी मोबाइलवर तानपुरा लावायला सुरुवात केली, आणि मग फोनही आले नाहीत.

अध्यक्षांना भेटलो. भला माणूस आहे. चहा दिला, ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, "अहो, आधी नाही का सांगायचं! तुम्ही फक्त एक फोन करायचा. दोन पोरं पाठवतो, खुर्चीसकट उचलून वर नेतील. रांगबिंग काही नाही, पाच मिनिटांत दर्शन करून खाली."

मी पेटीमागची जागा मागत होतो आणि ते मला पाच मिनिटांचं दर्शन देत होते. हे दोन्ही एकच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. माझी तक्रार म्हणाल तर एवढीच आहे, आणि ती फक्त त्यांच्याबद्दल नाही. आमच्यासारख्यांचं नाव निघालं की तुमच्या मनात लगेच काहीतरी द्यायचं येतं: वेगळी रांग, पहिला प्रसाद, 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाल-श्रीफळ, व्हीलचेअरवाटप आणि त्याचा फोटो. आमच्याकडून काही घ्यावं हे सुचत नाही. देवळातला माणूस तिथला कशाने होतो? दर्शनाने नाही होत. दर्शन तर बाहेरगावचा पाहुणाही घेऊन जातो. हार ओवणं, सतरंज्या झटकणं, पंगतीत वाढणं, ताल धरणं, वर्गणीच्या पावत्या फाडणं, 'यंदा मोदक जास्त झाले' म्हणून भांडणं, यातून माणूस तिथला होतो. मी 22 वर्षं तिथला होतो. आता मी तिथला लाभार्थी आहे.

आणि उचलून नेण्याबद्दल. माझं वय पंचावन्नच्या पुढे, वजन 74 किलो. दोन पोरं मला खुर्चीसकट ओल्या संगमरवरावरून नेत असतात तेव्हा मी देवाचं नाव घेत असतो हे खरं, पण भक्तीने नव्हे. शिवाय पोरं संकष्टीला भेटतील, दर मंगळवारी रात्री आठला कोण भेटणार? मग माझा देव त्यांच्या सवडीवर.

"आपल्याकडे तसे भाविक फारसे येत नाहीत," असंही अध्यक्ष बोलता बोलता म्हणाले. आता अकरा पायऱ्या बांधल्यावर कसे येतील? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून जास्त अपंग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा अपंगत्वाचे आठच प्रकार मोजले होते. 2016च्या कायद्याने ते 21 केले. ही माणसं तुमच्याच वॉर्डात राहतात, तुमच्याच मंडळाची वर्गणी भरतात. देवळात दिसत नाहीत, इतकंच.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. धाक घालायचा नाही, पण पुष्कळ विश्वस्तांना वाटतं की हे सगळं सरकारी कचेऱ्यांपुरतं आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 यात 'सार्वजनिक इमारत' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. तिच्यात खासगी इमारतीही येतात, आणि लोकांच्या धार्मिक वापराच्या इमारतींचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. कलम 44 म्हणतं, सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी देऊ नये, पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम निघाले जून 2017 मध्ये. पाच वर्षं कधीच सरली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक करा. ज्यांचा जीर्णोद्धाराचा नकाशा अजून वास्तुविशारदाच्या टेबलावर आहे, त्यांनी हे आजच वाचावं. बांधून झाल्यावर तोडणं महाग पडतं, आणि देवळात तोडफोड करायची तर मुहूर्तापासून सगळं आलं.

रॅम्पचं गणित सोपं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. अकरा पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे साडेपाच फूट चढ. त्याला 66 फूट उतार लागतो, शिवाय वळणावर टेकायला सपाट जागा. आमच्या देवळाला एवढी जागा नाही, मान्य. मग उभी वर जाणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट असते. एवढ्या उंचीला ती चालते. कळसाला सोन्याचा मुलामा देणारा देणगीदार मिळतो तर हिलाही मिळेल, पाटी लावायला जागा मात्र कमी मिळेल. आणि लिफ्ट होईपर्यंत एक बिनखर्चाचा उपाय आहे: मंगळवारचं भजन खाली अंगणात घ्या. वर स्पीकर आहेतच, गणपतीला ऐकू जाईल.

व्हीलचेअर आत आणू द्यायची की नाही, हाही वाद असतो. चाकं बाहेरून फिरून येतात, खरं आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या, आमच्या पुजारीकाकांसारखी. देवस्थानची वेगळी खुर्ची ठेवली तर वाईट नाही, पण रोज खुर्ची वापरणाऱ्याची खुर्ची त्याच्या अंगाच्या मापाची असते. दुसरीत बसवणं म्हणजे दुसऱ्याचे बूट घालायला लावणं.

आता पायऱ्या सोडून दुसरं. आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलतो अगदी थोडं. गणपतीत त्याच्याकडे दूर्वांचं काम आहे. ते त्याला कुणी ठरवून दिलेलं नाही. एके वर्षी तो परातीशी येऊन बसला आणि जुड्या सोडून सोडून मोजायला लागला. आधी सगळे हसले. मग लक्षात आलं, बाजारातून आणलेल्या जुड्यांत कुठे सतरा दूर्वा, कुठे चोवीस. तो प्रत्येक जुडी 21ची करतो, दोरा बांधतो, परातीच्या कडेने एकसारख्या मांडतो. किडकं पातं बाजूला. मधे कुणी हाक मारली तर पहिल्यापासून मोजतो, त्यामुळे त्याला कुणी हाक मारत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीला गेली सहा वर्षं खरोखर 21 दूर्वा वाहिल्या जातात. बाकी ठाण्याचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्याची आई मात्र अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन बदलापूरला बहिणीकडे जाते. रस्त्यावरच्या मिरवणुकांचे ढोलताशे आणि डीजे त्याला सहन होत नाहीत. कान झाकून घेतो, भिंतीवर डोकं आपटतो. दहा दिवस ज्याने दूर्वा मोजल्या त्याला विसर्जन बघता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. ती कुणी पाळत नाही हे मलाही ठाऊक आहे, तुम्हालाही, आणि पोलिसांनाही. मी मंडळांकडे त्याहून फार छोटं मागतो: रोजच्या आरत्यांपैकी दुपारची एक आरती बिनस्पीकरची ठेवा. टाळ हळू, दिवे लखलखणारे नकोत. फलकावर वेळ लिहा. नुसती ही मुलंच नाही, तान्ह्या बाळांच्या आया आणि हृदयविकाराची म्हातारी माणसंही येतील, बघा.

ऐकू न येणाऱ्यांचं सांगतो. मंडपात भला मोठा एलईडी पडदा असतो, त्यावर दिवसभर बिल्डरच्या जाहिराती फिरतात. आरतीच्या वेळेपुरते त्यावर आरतीचे शब्द दाखवा. मुलं ते दहा मिनिटांत करून देतील. कीर्तनाला वर्षातून चार वेळा तरी खुणांच्या भाषेचा दुभाषी बोलवा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या दुभाष्यांचा अभ्यासक्रमच चालतो. सभागृहाचं वायरिंग नव्याने करणार असाल तर इंडक्शन लूपची चौकशी करा. खोलीभोवती एक तार फिरवलेली असते आणि 'टी'ची सोय असलेल्या श्रवणयंत्रात कीर्तनकाराचा आवाज थेट येतो, मधला कलकलाट वगळून. कीर्तनात कलकलाट नसतो असं म्हणणाऱ्यांनी मागच्या रांगेत बसून पाहावं.

कीर्तनावरून आठवलं. कूर्मदासांचं आख्यान आपण सगळ्यांनी ऐकलंय. हातपाय नसलेला पैठणचा माणूस वारीला निघतो, पोटावर सरपटत, लोळत. लऊळपाशी त्राण संपतं, एकादशी तर उद्यावर आलेली. तो वारकऱ्यांबरोबर निरोप धाडतो, आणि पांडुरंग स्वतः लऊळला येतो. इथे मंडपात दोनशे माणसं डोळे पुसतात. मीही पुसतो. पण मला त्या गोष्टीतला देव येण्याआधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: त्याला कुणी 'तू कळसाला हात जोड' म्हटलं नाही. आणि निरोप पोचवणारे वारकरी होते, त्यांनी तो पोचवला. आपण तोच प्रसंग डोळ्यांत पाणी आणून ऐकतो आणि बाहेर पडताना पायरीवर बसलेल्याच्या मांडीवर दहा रुपये ठेवतो.

त्याच कीर्तनात एखादे बुवा सहज बोलून जातात, "गेल्या जन्मीचं भोगावंच लागतं." ते बोलतात त्या क्षणी समोर एखादी आई मांडीवर मान न धरणारं मूल घेऊन बसलेली असते. ती पुन्हा येत नाही. बुवांना माझी हात जोडून विनंती आहे, गेल्या जन्माचा हिशेब चित्रगुप्ताकडे असू द्या. माझ्या पायात गेला तो एक विषाणू. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तो लसीमुळे. माझ्यानंतरच्या पोरांनी गेल्या जन्मी अचानक पुण्यं केली म्हणून नव्हे.

आणि अधिकाराच्या जागेचंही बोलू. विदर्भातल्या माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. 1881 ते 1915, अवघं 34 वर्षांचं आयुष्य, आणि ग्रंथरचना शंभराच्या वर. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं आणि पायाशी बसून ऐकलं. त्यांना कुणी वेगळी रांग दिल्याचं ऐकिवात नाही. आज ठाण्यातल्या किती विश्वस्त मंडळांवर एखादी अंध व्यक्ती आहे? किती उत्सव समित्यांवर एखाद्या विशेष मुलाची आई आहे? यादी काढून बघा. फार वेळ लागणार नाही.

हे पत्र देवळांना लिहिलंय कारण मी देवळातला आहे. पण या गावात तलावपाळीला चर्च आहे, टेंभी नाक्याजवळ ज्यूंचं सिनेगॉग आहे, दर्गे आहेत, विहार आहेत, गुरुद्वारा आहे. पायरी कुठेही सहाच इंचांची असते. काही मशिदींत मी मागे ओळीने खुर्च्या पाहिल्यात, गुडघे न वाकणाऱ्यांसाठी, नमाज सगळ्यांबरोबरच. ती खुर्ची मला आवडली. कुठल्या विश्वस्तांना प्रत्यक्ष काही बघायचं-शिकायचं असेल तर लांब जायला नको. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. तिथे दिव्यांग मुलांच्या शिक्षणा-प्रशिक्षणाचं काम चालतं. दरवाजे किती रुंद असावेत, कठडा कसा असावा, फरशी कुठली चालते, ते एका फेरीत कळेल. जाताना वास्तुविशारदालाही घेऊन जा.

माझं म्हणाल तर, श्रावण लागण्याआधी तुमच्या उत्सव समितीची बैठक होते, पावतीपुस्तकं वाटायची. ती पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयात असते. यंदा खाली घ्या, मी येतो. मला दोन पुस्तकं द्या. आमच्या लाइनीतल्या तीन इमारतींना लिफ्ट आहे, त्या मी करतो. अक्षर चांगलं आहे आणि हिशेबही चोख असतो, बँकेत नोकरी झाली आहे. आणि मंगळवारी पेटी कुठे ठेवणार तेवढं कळवा. भाता जुना आहे, आधी एकदा उघडून बघावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नौपाडा, ठाणे

ता. क. : तीन वर्षांपूर्वी एका देणगीदाराने दिलेली व्हीलचेअर देवळाच्या मागच्या खोलीत मंडपाच्या बांबूंमागे आहे. पाठीवर देणगीदाराचं नाव आहे, त्यामुळे लगेच सापडेल. मागच्या दोन्ही चाकांत हवा नाही आणि पुढचं डावं छोटं चाक अडकतं. गोखले रोडला सायकलवाल्याकडे नेलीत तर तो बघेल.